मार्लिसची कात्रणं

चर्चच्या वार्षिक पुस्तिकेसाठी मार्लिस ओडेगार्डबद्दल चार शब्द लिहून द्या, असं पास्टर म्हणाले तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. आर्लीनला सांगा म्हटलं, ती चर्चचं स्वयंपाकघर सांभाळते, तिला सगळ्यांचं सगळं माहीत असतं. पण माझं नाव आर्लीननंच सुचवलं होतं, आणि तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मार्लिसकडे मी जितकं लक्ष दिलं तितकं टॅमरॅक गावात कोणीच दिलं नसेल. मी तिच्यावर सतरा वर्षं जळत होते. हे छापायचं की नाही ते पास्टरांनी ठरवावं, मी लिहून मोकळी होते.

मार्लिस आमच्या गावच्या कागद गिरणीत होती. तेहतीस वर्षं ती निवडणी खात्यात उभ्यानं ताव उलटत होती, खराब ताव बाजूला काढत होती. उंच, हाडकुळी, केस कानाच्या वर कापलेले. लग्न केलं नाही. आई होती तोवर आईचं केलं, आई गेल्यावर मांजराचं. कागद कानाशी धरून नुसता हलवायची आणि सांगायची, हा ओल धरेल, हा दहा वर्षांत पिवळा पडेल. आम्ही बायका माना डोलवायचो. मी घरी जाऊन, दार लावून, कानाशी कागद हलवून पाहिला आहे. मला काही ऐकू आलं नाही.

दर गुरुवारी दुपारी चर्चच्या तळघरात आमचं कातरकाम चालायचं. आठ-नऊ बायका, एक लांब टेबल, मधे कॉफीचं मोठं भांडं आणि प्रत्येकीसमोर फोटोंनी भरलेला बुटांचा खोका. फोटो कापायचे, रंगीत कागदावर चिकटवायचे, कडेनं नक्षी करायची, खाली नावं आणि तारखा लिहायच्या. ऑगस्ट संपला की बाकीच्या वह्या बाजूला पडायच्या आणि सुगीच्या जेवणाची तयारी सुरू व्हायची. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सगळं गाव आमच्या तळघरात जेवायला येतं. भिंतींवर कागदी पानांच्या माळा, टेबलांवर मक्याच्या सालींच्या बाहुल्या, आणि प्रत्येकीनं त्या वर्षी केलेला फोटोंचा एकेक मोठा तक्ता.

बक्षीस वगैरे काही नसतं. आम्ही लुथरन पंथाचे लोक, आम्हाला असलं काही आवडत नाही. पण गोडाच्या टेबलापाशी कोणाचा तक्ता ठेवायचा हे आर्लीन ठरवते, आणि गोडाच्या टेबलापाशी गाव ताटल्या घेऊन रांगेत उभं असतं. तिथला तक्ता तीनशे माणसं बघतात. बाकीचे जिन्याखाली, कोट टांगायच्या दांडीपाशी. तिथे लोक बघतात ते फक्त आपला कोट कुठला आहे एवढंच.

माझा तक्ता दरवर्षी कोटांपाशी असायचा आणि मार्लिसचा दरवर्षी गोडापाशी. मला आयुष्यात फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, माझा तक्ता गोडाच्या टेबलापाशी हवा होता.

त्यासाठी मी काय केलं नाही? वॉसॉ शहरातल्या दुकानातून सोनेरी कडांचे कागद आणले, पंधरा तऱ्हेच्या नक्षीदार कात्र्या आणल्या, मेपलची, ओकची, बर्चची पानं पाडायचे साचे आणले. मार्लिस काय आणायची? किराणा दुकानातल्या तपकिरी पिशव्या. त्या फाडून भिजवायची, मुठीत चुरगळायची, वाळवायची, इस्त्री करायची, मग त्यावर कोऱ्या चहाचा हात फिरवून त्यातून पानं कापायची. ती माळ भिंतीवर लावली की माणसं हात लावून बघायची, खरी पानं आहेत की काय म्हणून. माझ्या सोनेरी पानांना कोणी हात लावला नाही. एकानं त्यावर कॉफी सांडली तेवढीच.

त्यात माझ्या पानांच्या घड्या तडकायच्या. मधली शीर उठून दिसावी म्हणून पान मधोमध दुमडावं लागतं, आणि माझा जाड कागद नेमका तिथेच भेगाळायचा, आतला पांढरा रंग दिसायचा. एका गुरुवारी मार्लिसनं ते टेबलाच्या त्या टोकावरून पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "लव्हॉन, तू आडवी घडी घालतेस. कागदाला उभा-आडवा असतो, कापडासारखा. उभ्यानं दुमड, तडकणार नाही."

"मला अशीच हवी आहे," मी म्हटलं. "तडकलेली."

त्यानंतर कितीतरी वर्षं मी मुद्दाम आडवीच घडी घातली. चांगलं महागाचं सामान जाणूनबुजून बिघडवलं, पण तिचं ऐकलं नाही. एवढी मी हट्टी आहे.

तिची आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपायची. चार वाजता आवराआवर सुरू झाली की ती आइस्क्रीमची रिकामी बादली घेऊन टेबलाभोवती फिरायची आणि सगळ्यांची कात्रणं गोळा करून घरी न्यायची. कातरकामाचा पहिला धडा म्हणजे फोटोत जे नको ते कापून टाकायचं. कोणाच्या मागे उभी असलेली मोटार, विजेची तार, कडेला आलेलं परकं माणूस. ते सगळं तिच्या बादलीत जायचं. मी शेजारणीला कुजबुजायचे, हिच्या घरी केरसुद्धा मिळत नाही वाटतं. मनातून मला खात्री होती की आमच्याच तुकड्यांमधून ती तिची कला उभी करते आणि श्रेय एकटी खाते.

आता गॉर्डीचं सांगते. गॉर्डी माझा नवरा. जन्मात कशाला छान म्हणाला नाही. मी केलेलं काहीही पुढ्यात ठेवा, "चालेल" म्हणायचा. एका वर्षी सुगीच्या जेवणाला तो मार्लिसच्या तक्त्यासमोर थांबला तो थांबलाच. ताटलीतल्या ॲपल पायवरचं आइस्क्रीम वितळून गेलं, मागची रांग खोळंबली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "असं काम मी कधी पाहिलं नव्हतं."

पुढच्या आठवड्यात खिडक्यांना थंडीच्या जादा काचा बसवायला तो मार्लिसकडे गेला. एकटी बाई, शिडी धरायला कोणी नाही, त्यामुळे दरवर्षी कोणी ना कोणी जायचंच. येताना तो तिनं दिलेलं पानांचं कागदी तोरण घेऊन आला, गोल, मोठं, लाल फळांचे घोस लावलेलं. आणि ते त्यानं आमच्या पुढच्या दाराला लावलं. तिथे माझं तोरण होतं. माझं त्यानं काढून गॅरेजच्या दाराला लावलं.

"तिथे रिकामंच होतं," तो म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की त्यानं माझं काम केलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या हिवाळ्यात मी त्याच्याशी नीट बोलले नाही, आणि का ते त्याला कळलंही नाही. पुढचा सप्टेंबर आला. तक्त्यासाठी मी चौऱ्याहत्तर सालचा एक फोटो काढला. अंगणातल्या मेपलखाली वाळल्या पानांचा ढीग, ढिगातून वर आलेली आमच्या दोन्ही मुलांची डोकी, आणि डाव्या कडेला दंताळ्यावर रेललेला गॉर्डी, टोपी उलटी, तोंड उघडं, हसतोय. घरात फोटो काढणारा तोच, त्यामुळे तो स्वतः फोटोत कधी नसायचा. हा मी काढला होता. तो असा खदखदून हसतानाचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही.

मी मेपलच्या पानाचा साचा मुलांवर ठेवला. मोठा साचा हाताशी होता, त्यात तिघंही बसले असते. मी लहान घेतला. दारावरचं ते तोरण माझ्या डोळ्यांसमोर होतं. कात्री चालवली आणि गॉर्डी टेबलावर पडला, खांद्याच्या कडेला पानाची नक्षी घेऊन.

समोर मार्लिस बसली होती. तिनं तुकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. चार वाजता तो तुकडा तिच्या बादलीत गेला. तक्ता त्याही वर्षी कोटांपाशीच राहिला.

मार्चमध्ये गॉर्डी गेला. सकाळी दारापुढचा बर्फ काढत होता, फावडं हातात असतानाच खाली बसला. मुलं दुसऱ्या दिवशी आली. आमच्याकडे चर्चच्या दाराशी गेलेल्या माणसाच्या फोटोंचा फळा लावतात, येणारा प्रत्येक जण आत जाण्याआधी तिथे उभा राहतो. मी इतकी वर्षं फोटो कापणारी बाई, माझ्या नवऱ्याचा फळा गावात सगळ्यांत भरगच्च व्हायला हवा होता. मुलांनी सगळे खोके उपसले तेव्हा अकरा फोटो निघाले. सात फोटोंत गॉर्डी आणि मासा. दोनांत नुसता मासा. एक लग्नातला, एक लष्करातला.

थोरला डीन म्हणाला, "आई, तो पानांच्या ढिगातला कुठे आहे? बाबा हसतायत तो?"

"शोधते," मी म्हटलं, आणि कोट चढवून बाहेर पडले.

मार्लिसचं घर दोन गल्ल्या सोडून. त्या दोन गल्ल्यांत मी मनातल्या मनात तिच्याशी चार वेळा भांडले. तिनं तो तुकडा ठेवला असेल तर का ठेवला, माझ्या नवऱ्याचा फोटो हिच्या घरात काय करतो, तोरणं देते, फोटो जपते, हे चाललंय काय? आणि ठेवला नसेल तर? तुकडा मिळावा असंही वाटत होतं आणि तिच्याकडे मिळू नये असंही.

तिनं दार उघडलं. मी म्हटलं, "गॉर्डीचा तुकडा."

ती बाजूला झाली आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेली. कपाटाच्या खणात चर्चच्या दानपेटीची पांढरी पाकिटं उभी लावलेली होती, एकेका बाईचं नाव वर लिहून. आर्लीन. ज्युडिथ. लव्हॉन. माझं सगळ्यांत जाड.

"एवढं कशाला ठेवलंस?" मी विचारलं. आवाज कडकच निघाला.

"कागद मी टाकते," ती म्हणाली. "माणसं टाकवत नाहीत. तारा, मोटारी गेल्या केरात. चेहरा असेल तेवढा ठेवते. कधीतरी कोणी मागायला येतं."

तिनं पाकिटात दोन बोटं घातली आणि गॉर्डी बरोबर वर काढला, टोपी उलटी, तोंड उघडं. मग अख्खं पाकीटच माझ्या हातात दिलं. "सगळंच घेऊन जा. त्यात बाकीची बरीचशी मीच आहे."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. दारापर्यंत येऊन तिनं विचारलं, तुकडा जोडून देऊ का, मागून पातळ कागद लावला तर फट दिसणार नाही. मी म्हटलं, माझा नवरा आहे, मी जोडीन. रात्रभर बसून मी तो जोडला आणि वाईट जोडला. मुलं एकीकडे, तो एकीकडे, मधे मेपलच्या पानाच्या आकाराची भेग. फळ्यासमोर उभं राहून लोक त्या फोटोकडे पाहून हसले आणि रडले. भेगेबद्दल कोणी विचारलं नाही. मार्लिस तिथे सगळ्यांत जास्त वेळ उभी होती आणि मला तेही आवडलं नाही.

पाकीट मी स्वयंपाकघरातल्या खणात, भांडी पुसायच्या फडक्यांखाली टाकलं. उघडलं नाही. माणूस उपकारानं बदलतं असं पास्टर सांगतात. मी बदलले नाही. पुढची दोन वर्षं मी तशीच आडवी घडी घालत राहिले, तक्ता कोटांपाशी जात राहिला, आणि आता तिच्यावर जळताना वर तिचे आभारही मानायचे होते, म्हणून अधिकच जळत होते.

गेल्या सप्टेंबरच्या शेवटी मार्लिस झोपेतच गेली. सुगीच्या जेवणाला आठवडा होता. अंत्यविधी गुरुवारी ठरला, म्हणजे आमच्या कातरकामाच्या दिवशीच. सोमवारी आर्लीनचा फोन आला. मार्लिसच्या फळ्यासाठी फोटो नाहीत. घर शोधलं, डुलुथच्या भाचीला विचारलं. दोन निघाले, एक पाळण्यातला आणि एक चौदाव्या वर्षीचा, चर्चच्या दीक्षेच्या पांढऱ्या झग्यातला. त्यापुढे पंचावन्न वर्षं काहीच नाही. तिचा फोटो काढणारं कोणी नव्हतं.

"तुमच्याकडे तर प्रत्येक सहलीला कॅमेरा असायचा," आर्लीन म्हणाली. "तुझ्या वह्यांत असेल ना ती कुठेतरी?"

माझ्या वह्यांत ती कुठेच नव्हती. हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार.

मी बघते म्हणाले आणि फोन ठेवला. फडक्यांखालचं पाकीट काढून टेबलावर उपडं केलं. तेवीस तुकडे. तेवीसही मार्लिस. उंच असल्यामुळे प्रत्येक रांगेत ती कडेला उभी राहायची, कापायला सोपी. चर्चच्या सहलीत हातात लिंबू सरबताचा जग घेतलेली. नाताळच्या नाटकात मेंढपाळांच्या मागे पडदा ओढणारी. गिरणीच्या मैदानावर, उन्हासाठी डोळ्यांवर हात धरलेली. माझ्या धाकट्याच्या लग्नात, निळ्या पोशाखात, खांद्यावर कोणाचा तरी हात आणि तो हात मनगटापाशी संपलेला. हात माझाच होता. आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो आणि हसत होतो, आणि नंतर घरी येऊन मी माझं मनगट तोडलं होतं पण तिला ठेवलं नव्हतं.

तेवीस वेळा तिनं स्वतःला माझ्यासमोरून उचलून बादलीत टाकलं, आणि प्रत्येक वेळी पुढच्या गुरुवारी पुन्हा येऊन समोर बसली.

पाकीट परत खणात टाकणं सोपं होतं. कोणाला कळलं नसतं. दोन फोटोंचा फळा लागला असता, लोक हळहळले असते, बिचारी एकटी होती म्हणाले असते. आणि हे तुकडे लावले तर आमच्या टेबलावरच्या एकूणएक बायका ओळखणार होत्या की ते कुठून आले. प्रत्येक तुकड्याच्या कडेला माझ्या पंधरा कात्र्यांपैकी एकीची नक्षी होती. तशा कात्र्या गावात दुसऱ्या कोणाकडे नाहीत.

मंगळवारी मी किराण्याच्या तपकिरी पिशव्या भिजवल्या. चुरगळल्या, वाळवल्या, इस्त्री केली, चहाचा हात दिला. एक पट्टी फाडून पाहिली. एका बाजूनं सरळ फाटली, दुसऱ्या बाजूनं वाकडी. तो उभा आणि हा आडवा, इतकं साधं होतं. पानं कापून उभ्यानं दुमडली. एकही तडकलं नाही. त्याचा मला आनंद झाला असता तर बरं झालं असतं. मला तिचा राग आला, की हे इतकं सोपं होतं.

बुधवारी दुपारी मी फळा तळघरात नेला. आर्लीन बटाटे सोलत होती. हात पुसत आली आणि बराच वेळ बघत राहिली. मग लग्नातल्या तुकड्यावर बोट ठेवलं. "हा तुझ्या टॉडच्या लग्नातला. तुझ्या वहीत हा फोटो आहे, मी पाहिलाय. त्यात तू एकटी आहेस."

"मी तिला कापली होती," मी म्हटलं. "सगळ्यांतून."

"का?"

"तिचं काम माझ्यापेक्षा चांगलं होतं म्हणून."

आर्लीननं फळा उचलून दुसऱ्या दिवसासाठी चर्चच्या दाराशी नेला. गुरुवारी लोक आले, बघून गेले. आमच्या टेबलावरच्या बायकांनी कडांची नक्षी बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि ज्युडिथनं मला कॉफी आणून दिली.

शनिवारी सुगीचं जेवण. मी त्या वर्षी दुसरा तक्ता केला नव्हता. भोपळ्याचा ब्रेड घेऊन जिना उतरले आणि सवयीनं आधी कोटांपाशी पाहिलं. मग आत गेले. गोडाच्या टेबलापाशी, जिथे सतरा वर्षं माझे डोळे लागले होते, तिथे आर्लीननं मार्लिसचा फळा उभा केला होता. माझं काम. तपकिरी पानांच्या महिरपीत तेवीस मार्लिस. रांग तिथे खोळंबत होती, माणसं पानांना हात लावून बघत होती.

म्हातारा हँक झास्ट्रो ताटली घेऊन वाकून उभा होता. गिरणीत तिच्याबरोबर होता तो. त्यानं एका पानाची घडी नखानं चाचपली. "जाण्याआधी शेवटचा तक्ता करून गेली म्हणायची," तो मला म्हणाला. "बघ, कशी उभ्यानं दुमडलीत. हे दुसऱ्या कोणाला जमणार नाही."

टेबलामागे आर्लीन सुरी हातात धरून थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. पोटात दुखलं, खोटं कशाला सांगू.

"नाही जमणार," मी म्हटलं.